राखणदाराचा गुरू

माणसाने ज्या ज्या प्राण्यांना आपल्या दाराशी आणले, त्या सर्वांमध्ये कुत्र्याचे नाते सर्वांत जुने आहे. गाय गोठ्यात येण्यापूर्वी, घोडा पागेत येण्यापूर्वी, इतकेच नव्हे तर माणसाने जमीन उकरून पहिले धान्य पेरण्यापूर्वी, कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता. या सहवासाला निदान 14 ते 15 हजार वर्षे झाली असावीत, असे उत्खननात सापडलेल्या अवशेषांवरून दिसते. आपल्या देव्हाऱ्यातील टाकावरसुद्धा खंडोबाच्या घोड्याच्या पायांशी कुत्रा कोरलेला असतो. इतका जुना हा सोबती. परंतु त्याला शिकवावे कोणी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मुलाला शाळेत घालावयाचे तर शाळा गावात असते. बैलाला औताची सवय लावावयाची तर जाणते शेतकरी घरोघरी असतात. कुत्र्याला मात्र आपण भाकरीचा तुकडा घालतो, दारात बांधतो आणि तो आपोआप राखणदार होईल असे गृहीत धरतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत, हे गृहीत धरणे फार महागात पडते.

हा मुलूख मोठा देखणा आहे. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत, तिच्या एका खिंडीत सातवाहनांचे शिलालेख सांभाळणारा नाणेघाट, मध्यभागी शिवजन्माने पावन झालेला शिवनेरी आणि दक्षिणेकडे भीमाशंकरचे घनदाट रान. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्या डोंगरातून उतरून पूर्वेकडे जातात. पूर्वी पावसाळा संपला की त्यांची पात्रे रोडावत आणि शिवारात बाजरी, ज्वारी, हुलगा एवढेच पिके. कुकडी प्रकल्पाने हे चित्र पालटले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे झाली, कालवे निघाले आणि कोरडवाहू रानावर उसाचे हिरवे समुद्र पसरले. निवृत्तीनगरला विघ्नहर आणि दत्तात्रयनगरला भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटो दूरदूरच्या शहरांत जाऊ लागला. शेतकरी गावठाण सोडून आपापल्या मळ्यात घरे बांधून राहू लागला. पाण्याने संपन्नता आणली. तिच्याबरोबर एक पाहुणाही आणला.

तो पाहुणा म्हणजे बिबट्या. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस त्याला रानासारखाच वाटला. आत दाट सावली, जवळ पाणी, माणसाचा वावर कमी. बिबट्याच्या माद्या उसातच वितात, पिल्ले उसातच वाढतात आणि ऊसतोड सुरू झाली की पाचटात डोळे मिचकावणारी बछडी मजुरांना सापडतात. अशा वेळी वनविभागाचे कर्मचारी त्यांना त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतात आणि बहुधा रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. या बिबट्यांना डोंगर ठाऊक नाही. त्यांचे घर म्हणजे आपल्या बांधापलीकडचे रान.

रानातला बिबट्या हरिण, भेकर किंवा वानर मारून जगतो. उसातल्या बिबट्याने काय खावे? जुन्नरच्या उत्तरेस लागून असलेल्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून या प्रश्नाचे उत्तर शोधले. तो अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या एकूण आहारात पाळीव प्राण्यांचा वाटा सुमारे 87 टक्के होता आणि त्यांत सर्वांत मोठा, सुमारे 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा होता. शेळ्यांची संख्या पुष्कळ असली, तरी त्या रात्री गोठ्यात असतात. कुत्रा मात्र उघड्यावर असतो. ज्याला आपण राखणीसाठी दारात बांधतो, तोच चोराचे आवडते भक्ष्य असतो. तिजोरीवर बसवलेला पहारेकरी चोराने तिजोरीआधी पळवून न्यावा, तशातला हा प्रकार. म्हणून येथे कुत्र्याला शिकवणे हा हौसेचा विषय उरत नाही. त्यात त्याच्या प्राणाचा आणि पुष्कळदा घरातील माणसाच्या प्राणाचाही प्रश्न असतो.

येडगाव धरणाच्या कालव्याखाली अशीच एक वस्ती आहे. चार घरे, एक विहीर, दोन चिंचा आणि तिन्ही बाजूंनी ऊस. या वस्तीवरच्या आजोबांकडे मोत्या नावाचा कुत्रा होता. तो धिप्पाड होता, त्याचा आवाज कालव्यापलीकडे ऐकू जाई आणि रात्री त्याला ओट्याजवळच्या खांबाला साखळीने बांधून ठेवीत. एका पहाटे साखळी तेवढी उरली. तिच्या टोकाला तुटलेला पट्टा होता आणि अंगणातील फुफाट्यात ओढत नेल्याची लांब रेघ उसापर्यंत गेली होती. आजोबांनी ती साखळी उचलून खुंटीला अडकवली आणि पुढे कित्येक दिवस ते तिच्याकडे पाहत. मोत्या भुंकला असेल. परंतु त्याचे भुंकणे रोजचेच होते. वाऱ्याने पान हलले तरी तो भुंके आणि पोस्टमन आला तरी तो भुंके. म्हणून त्या रात्री कोणी उठले नाही. त्याला पळता आले असते. परंतु साखळीने त्याचे पाय बांधलेले होते. मोत्याला राखण करावयास ठेवले होते, पण ती कशी करावी हे त्याला कोणी शिकवले नव्हते आणि ती करताना जगावे कसे याची सोयही कोणी केली नव्हती.

दुसरे पिल्लू आणण्यास आजोबा तयार नव्हते. परंतु वस्तीची गरज तशीच होती. शेतीपंपांची वीज पुष्कळदा रात्रीची मिळते आणि मग थंडीत, अंधारात, हातात विजेरी घेऊन पिकाला पाणी द्यावयास मुलाला जावे लागे. नात सातवीत होती. तिची शाळा दीड मैलावर आणि वाट उसाच्या दोन फडांमधून जाणारी. हिवाळ्यात शाळा सुटून ती परतेपर्यंत दिवे लागत. आजीने एके दिवशी एवढेच म्हटले, “पोरीच्या पुढे चालणारं कोणीतरी हवं.” मग शेजारच्या वाडीतून दीड महिन्याचे तांबूस रंगाचे एक गावठी पिल्लू आले. नातीने त्याचे नाव खंड्या ठेवले. या खेपेस आजोबांनी ठरवले की, पिल्लाला साखळी घालण्यापूर्वी त्याला गुरू शोधावयाचा.

गुरू शोधावयाचा म्हणजे प्रथम शिष्याने काय शिकावे हे ठरवले पाहिजे. आजोबांनी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या. बिबट्याची चाहूल लागली तरच जोराने भुंकावे. हाक ऐकताच असेल तेथून परत यावे. काहीही झाले तरी उसात शिरू नये. आणि वस्तीवर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना, विशेषतः मुलांना, चावू नये. वाचणाऱ्याला ही यादी लहान वाटेल; परंतु तिच्यातील प्रत्येक ओळ कुत्र्याच्या स्वभावातील एका ओढीला आवर घालणारी होती. परक्याला पाहून भुंकणे, पळणाऱ्याच्या मागे धावणे, वास लागला की भान विसरणे हे कुत्र्याला जन्मतःच येते. कशावर भुंकू नये आणि कोठे थांबावे, हे मात्र त्याला शिकवावे लागते.

पहिला शिक्षक नारायणगावला एका ओळखीच्या घरी भेटला. शहरातून दर आठवड्याला तेथे येणारा तो तरुण आपल्या कामात कुशल होता. खिशात खाऊचे तुकडे ठेवून, एकही चापट न मारता, त्याने त्या घरातील उनाड कुत्र्याला अर्ध्या घटकेत बसावयास, उठावयास आणि दाराशी थांबावयास लावले. आजोबांना ते फार आवडले. त्यांनी आपली यादी त्याच्यापुढे धरली. तरुणाने ती लक्षपूर्वक वाचली आणि तो हसून म्हणाला, “आजोबा, माझ्याकडे येणारे लोक आधी कुत्र्याचं भुंकणं बंद करा म्हणतात. शेजारी तक्रार करतात त्यांचे. बिबट्या आल्यावर भुंकायला शिकवा म्हणणारे तुम्ही पहिलेच.” त्याची विद्या खोटी नव्हती, ती दुसऱ्या जीवनासाठी होती. सदनिकेत राहणाऱ्या कुत्र्याला मुके राहणे शिकावे लागते आणि वस्तीवरच्या कुत्र्याला योग्य वेळी ओरडणे.

दुसरा शिक्षक याच्या अगदी उलट होता. अमुक एक गृहस्थ एका महिन्यात कुत्रा ‘तयार’ करून देतो, असे कोणी सांगितल्यावरून आजोबा त्याच्या आवारात गेले. तेथे सात-आठ कुत्री आखूड साखळ्यांना बांधलेली होती. कोपऱ्यात वेताची छडी उभी होती. मालक आत येताच सगळी कुत्री गप्प झाली आणि त्यांतील एक जमिनीला पोट घासत मागे सरकले. “बघा कशी शिस्त आहे!” तो अभिमानाने म्हणाला. आजोबांनी आयुष्यभर बैल सांभाळले होते. भ्यालेल्या जनावराची नजर त्यांना ओळखता येत होती. हाताला भिणारा कुत्रा संकटाच्या वेळी हाकेला परत येणार नाही, कारण हाक मारणाराच त्याला संकट वाटणार. पिल्लू उपरण्यात गुंडाळून ते तसेच परतले.

तिसरा मनुष्य शिकारीचा शौकीन होता. त्याची कुत्री वाऱ्यासारखी पळत आणि वास काढीत काढीत झुडपात शिरत. “चार महिन्यांत तुमचं पिल्लू बिबट्याच्या अंगावर जाईल,” असे आश्वासन त्याने दिले. ससे, भेकरे यांची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरलेली आहे, हे तर खरेच. परंतु आजोबांच्या मनात आले ते वेगळे. बिबट्याच्या अंगावर जाणारा कुत्रा एकदाच जातो. शौर्य हा मोठा गुण असला, तरी 20 किलो वजनाच्या कुत्र्याने 50-60 किलोंच्या बिबट्याशी झुंजावे अशी अपेक्षा करणे, हे त्याच्या शौर्याचे कौतुक नसून आपल्या सोयीसाठी त्याचा बळी देणे आहे.

अशा बळींचे कौतुक करण्याची रीत मात्र फार जुनी आहे. आजच्या कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे एक वीरगळ सापडला. तो इ. स. 949-50 च्या सुमाराचा, म्हणजे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला आहे. एका वीराने युद्धातील पराक्रमाबद्दल राजाकडे बक्षीस म्हणून ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. तो कुत्रा पुढे रानडुकराशी झुंजताना मेला आणि डुकरालाही त्याने मारले. त्याच्या स्मरणार्थ शिळा उभारली गेली आणि तिच्या नित्यपूजेसाठी जमीनही तोडून दिली. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची ही कृतज्ञता मनाला स्पर्श करते. तरीही मेलेल्या कुत्र्यासाठी शिळा उभारणे एक आणि जिवंत कुत्रा मरू नये म्हणून त्याला शिकवणे दुसरे. पहिल्यासाठी पाथरवट पुरतो. दुसऱ्यासाठी रोजचा वेळ द्यावा लागतो.

आजोबांना खरा मार्ग दाखवला तो चौथ्या माणसाने. मंचरजवळ राहणारा हा गृहस्थ पोलीस दलाच्या श्वानपथकातून निवृत्त झाला होता. कुत्र्यांच्या शिक्षणाच्या मोठ्या शाळा आपल्या देशात आहेत. मेरठला सैन्याच्या अश्व व पशुवैद्यक दलाचे केंद्र आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे स्फोटके हुंगणारी, माग काढणारी, पहारा देणारी कुत्री तयार होतात. या शाळांची एक रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेथे कुत्रा एकटा शिकत नाही. त्याचा सांभाळ करणारा जवान त्याच्याबरोबर त्याच मैदानावर महिनोन्‌महिने शिकतो आणि दोघे मिळून उत्तीर्ण होतात.

निवृत्त हवालदारांनी पिल्लाला मांडीवर घेतले, त्याचे कान पाहिले, हातातली किल्ली मागे वाजवून ते वळते का ते पाहिले आणि विचारले, “रोज याला भाकरी कोण घालतं?”

“नात घालते.”

“मग याची गुरू तीच. मी शिकवीन, हा शिकेलही; पण मग हा माझं ऐकेल. तुमच्या वस्तीवर हाक मारायला मी थोडाच असणार आहे?”

कुत्र्याला शिकवणारा शोधता शोधता आजोबा माणसाला शिकवणाऱ्याजवळ पोहोचले होते. पुढचे सहा रविवार आजोबा आणि नात पिल्लाला घेऊन मंचरला गेली. हवालदारांनी सांगितलेले नियम मोजकेच होते. एका कामाला एकच शब्द. घरातील सर्वांनी तोच शब्द वापरावयाचा. आजी ‘ये’ म्हणणार, काका ‘इकडं’ म्हणणार आणि नात शीळ घालणार, तर पिल्लाने कोणाचे ऐकावे? चांगले वागल्याचे बक्षीस त्याच क्षणी द्यावयाचे. घटकाभराने दिलेली भाकरी कशाबद्दल हे कुत्र्याला उमगत नाही. हाकेला आलेल्या कुत्र्याला कधीही मारावयाचे नाही, मग त्याने त्यापूर्वी कितीही मोठा अपराध केलेला असो. आणि शिकवणी लहान ठेवावयाची. दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटे पुरेत.

या साध्या नियमांच्या मागे मोठे शास्त्र आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांवर प्रयोग करताना त्यांना असे आढळले की, अन्नापूर्वी रोज एखादा ठरावीक आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की प्राणी त्यांची सांगड घालतो. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून 1965 साली दाखवून दिले की, जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या आयुष्यात फार मोलाचा असतो. या काळात जी माणसे, जे प्राणी, जे आवाज ओळखीचे होतात, ते त्याला आयुष्यभर आपले वाटतात. आपण नेमके या काळात पिल्लाला टोपलीखाली झाकून ठेवतो आणि मोठे झाल्यावर ते पाहुण्यांना का चावते म्हणून कपाळाला हात लावतो.

तरीही यादीतील पहिली ओळ उरलीच होती. बिबट्याची चाहूल कोणती, हे हवालदारांना शिकवता येत नव्हते. ते म्हणाले, “ही विद्या माझ्याजवळ नाही. ती मेंढरांमागं आहे.” सुगी झाली की मेंढपाळ धनगर आपले कळप घेऊन मोकळ्या रानांत उतरतात. शेतकरी आपल्या वावरात मेंढ्या बसवतो. लेंड्यांचे उत्तम खत जमिनीला मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. रात्री जाळीची वाघर लावून मेंढ्या आत घेतात आणि बाहेर कुत्री फिरती राहतात. बिबट्यांच्या मुलखातून उघड्या रानात वर्षानुवर्षे रात्र काढणाऱ्या माणसांइतका या विद्येचा जाणकार दुसरा कोण असणार?

वस्तीशेजारी त्या वर्षी उतरलेल्या वाड्यातील म्हाताऱ्या धनगराला आजोबांनी आपली अडचण सांगितली. त्याने पिल्लाकडे पाहिले आणि शेकोटीजवळ पडलेल्या एका करड्या, म्हाताऱ्या कुत्रीकडे बोट दाखवले. “म्या काय शिकवनार, बाबा? ही शिकवील. वाडा हितं तीन आठवडे हाय. संध्याकाळी पोराला घेऊन येत जा आन्‌ तिच्याजवळ सोडत जा.”

तीन आठवडे आजोबा आणि खंड्या दिवेलागणीला वाड्यावर जाऊन बसत. पहिल्या रात्री पिल्लू प्रत्येक आवाजावर भुंकले. म्हातारी कुत्री स्वस्थ होती. कोल्हा ओरडला, ती स्वस्थ. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तीही स्वस्थ. मग एका रात्री काहीही ऐकू आले नसताना ती उठून उभी राहिली. तिच्या पाठीवरचे केस ताठ झाले, कान एका दिशेला रोखले गेले आणि ती खोल आवाजात, थांबून थांबून भुंकू लागली. वाड्यातील सगळी कुत्री धावून तिच्याभोवती गोळा झाली. एकानेही एकट्याने पुढे पाऊल टाकले नाही. धनगराने घुंगरांची काठी आपटून आरोळी ठोकली. खंड्या तिच्या पायांत शिरून थरथरत होता. परंतु त्याचे नाक तिच्या नाकाच्याच दिशेला वळलेले होते. जे कोणत्याही शब्दाने सांगता आले नसते, ते त्याला त्या घटकेत सांगितले गेले.

मोठ्या कुत्र्यांच्या आणि कळपाच्या सहवासात पिल्लू वाढवण्याची ही रीत जगात अन्यत्रही आहे. आफ्रिकेतील नामिबिया देशात शेतकरी आपली शेळ्या-मेंढरे वाचवण्यासाठी चित्त्यांना गोळ्या घालीत. तेथील चित्ता संवर्धन संस्थेने 1994 सालापासून तुर्कस्तानी जातीची मोठी राखणदार कुत्री शेतकऱ्यांना देण्यास सुरुवात केली. ही पिल्ले लहानपणीच शेळ्या-मेंढ्यांत ठेवतात, म्हणजे कळप हेच त्यांचे कुटुंब होते. त्यांचे काम चित्त्याला मारणे नव्हे. मध्ये उभे राहून भुंकणे एवढेच. सावधपणे येणारे जनावर, आपण दिसलो आहोत असे कळताच, बहुधा निघून जाते. कळप वाचतो, कुत्रा वाचतो आणि चित्ताही वाचतो. अनातोलियाच्या पठारापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत मेंढपाळांना हे शहाणपण पुस्तकांवाचून ठाऊक होते.

राहिले एकच काम. ते कुत्र्याचे नव्हते, माणसाचे होते. वनरक्षकाच्या सांगण्यावरून आजोबांनी घराला लागून जाड जाळीचे, वरून पक्के झाकलेले एक लहानसे घर बांधून घेतले. रात्री खंड्या त्यात बिनसाखळीचा झोपू लागला. तेथून त्याला वारा मिळे, वास मिळे, आवाज देता येई. परंतु बिबट्याच्या जबड्याला त्याची मान मिळत नसे. गोठ्याचे दार दुरुस्त झाले, अंगणात दिवा लागला, घराजवळचे दोन गुंठे ऊस न लावता मोकळे ठेवले. राखणदाराला काम सांगणाऱ्याने त्याच्या पाठीशी भिंतही उभी करावी, हे आजोबांना मोत्याने शिकवले होते.

पुढच्या मार्गशीर्षातील गोष्ट. शाळा सुटून नात आणि तिच्या दोन मैत्रिणी उसाच्या वाटेने येत होत्या. खंड्या नेहमीप्रमाणे त्यांना आणावयास वाटेवर गेला होता आणि पुढे चालला होता. वळणाजवळ तो एकाएकी थांबला. पाठीवरचे केस उभे राहिले. तो खोल आवाजात, थांबून थांबून भुंकू लागला आणि पुढे जाईना. नातीने त्याच्याकडे पाहिले. हा आवाज रोजचा नव्हता. तिने मैत्रिणींचे हात धरले, तिघी एकमेकींना चिकटून मोठमोठ्याने बोलत मागे सरकल्या. उसात काहीतरी सळसळले. खंड्याचे सारे अंग त्या दिशेला ताणले गेले. तेव्हा नातीने हाक मारली, ठरलेला एकच शब्द, ठरलेल्याच आवाजात. तो वळला आणि तिच्या पायांशी आला. त्या रस्त्यावर परतल्या आणि तेथून मोठी माणसे त्यांना घरी घेऊन आली. सकाळी वळणावरच्या ओल्या मातीत बिबट्याचे ठसे उमटलेले दिसले. खंड्याने कोणाशी झुंज घेतली नाही, कोणाला मारले नाही. म्हणून त्याची शिळा कोणी उभारणार नाही. परंतु तिन्ही मुली दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या.

एका शिकलेल्या कुत्र्याने या मुलखाचा प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये. 2001 ते 2003 या काळात जुन्नरच्या वनविभागात माणसांवर अनेक हल्ले झाले. पकडलेले बिबटे दूर नेऊन अनोळखी रानात सोडल्याने प्रश्न मिटत नाही, उलट तो वाढू शकतो, असे अभ्यासकांना त्या अनुभवातून दिसून आले. माणिकडोह येथील निवारा केंद्रात जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांचा सांभाळ होतो. तरीही 2025 साली शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड भागात बळी गेले आणि तेथील शेतकरी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागले. ज्या पट्ट्याने मेंढपाळ आपल्या कुत्र्याची मान राखी, तो माणसावर घालण्याची वेळ यावी, यातच त्या भीतीची खोली कळते. दिवसाची वीज, सुरक्षित गोठे, मुलांना एकत्र ने-आण करण्याची सोय, या गोष्टी कुत्र्याच्या नव्हेत, माणसांच्या हातातल्या आहेत.

परंतु आपल्या हातात जेवढे आहे, तेवढे नीट करण्याची सुरुवात कोठून तरी व्हावी लागते. आजोबा गुरू शोधावयास निघाले तेव्हा त्यांना वाटले होते की, पैसे मोजून विद्या विकत घ्यावी आणि पिल्लू तयार होऊन घरी यावे. प्रत्यक्षात त्यांना एकही माणूस असा भेटला नाही, ज्याच्याजवळ सगळे होते. तरुणाजवळ प्रेमळ रीत होती, हवालदारांजवळ शिस्त होती, धनगराच्या म्हाताऱ्या कुत्रीजवळ रानाचे ज्ञान होते, वनरक्षकाजवळ सावधगिरी होती. आणि रोज न चुकता शिकवण्याची चिकाटी घरातल्याच एका बारा वर्षांच्या मुलीजवळ होती. ज्याच्याजवळ जे चांगले, ते त्याच्याकडून घ्यावे आणि जेथे भय शिकवले जाते, तेथून पिल्लू उचलून परत यावे, एवढा विवेक आजोबांनी ठेवला. कुत्र्याचा गुरू शोधणाऱ्याला तेवढा पुरतो. मुलांचे गुरू शोधणाऱ्यांनाही बहुधा तो पुरेसा ठरावा.